नरड्यातली जोडी

झडीच्या सहाव्या दिवशी भुरीबाईचं एक पिल्लू जांभया देऊ लागलं.

सकाळी तिनं खुराड्याची फळी बाजूला केली, तशी बाकीची पिल्लं एकमेकांच्या पाठीवरून उड्या मारत बाहेर पडली आणि चिखलात पांगली. हे एक दाराशीच थांबलं. त्यानं मान लांब केली, चोच आ वासून उघडली, मिटली. पुन्हा उघडली. आवाज काही नाही. भुरीबाईला हसू आलं. चुलीपाशी बसलेल्या लेकीला, अंजूला, ती म्हणाली, "पाह्य व, याची झोप नाही झाली."

दुपारपर्यंत तशी चार झाली. दिवस मावळायच्या आत कोंडायला गेली तर नऊ. मान झटकायची, घशात काडी अडकल्यासारखी खुरखुरायची आणि मग आभाळाकडे चोच करून उभी राहायची. दुसऱ्या दिवशी फळी काढली तर पहिलं पिल्लू कोपऱ्यात आडवं पडलेलं. चोच उघडीच होती.

मेडशीपासून दोन कोसांवर, माळाच्या उतारावर तीस-पस्तीस घरांचा हा तांडा. दसरा झाला की अर्ध्या घरांना कुलपं लागायची आणि माणसं ऊस तोडायला निघायची. भुरीबाई आणि तिचा नवरा हेमसिंग अठरा वर्षं जात होते. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला मुकादम विचारत नाही. मागच्या हिवाळ्यात हेमसिंगच्या हातचा कोयता उसावरून निसटला आणि त्याच्याच नडगीत बसला. हाड जुळलं, पण पाय वाकडा पडू लागला. तिथंच, पाचटानं शाकारलेल्या कोपीसमोर त्याच्या पायाला फडकं बांधताना भुरीबाईनं मनाशी ठरवलं, आता पुन्हा या फडात यायचं नाही. घरी आल्यावर तिनं एकामागून एक सात कोंबड्या अंड्यांवर बसवल्या. एकसष्ट पिल्लं निघाली. शेलूबाजारात गावरान कोंबड्याला गिऱ्हाईक कसं तुटून पडतं, हे तिनं पाहिलेलं होतं.

"पिलं जगली तर आपुन औंदा जात नाही," ती म्हणाली होती.

"कोंबड्याच्या भरोशावर कोनाचं घर चाललं?" हेमसिंग म्हणाला होता. पण खुराडं त्यानंच बांधून दिलं. लंगडत लंगडत, परसात नाल्याच्या अंगाला, जिथली माती मऊ होती आणि खुंट्या सहज आत जात होत्या.

तिसऱ्या दिवसापर्यंत अकरा मेली. भुरीबाई ती पाटीत घालून पुरायला निघाली, तेव्हा शेजारच्या लिलाबाईनं पाहिलं.

"भुरे, मानमोडी हाये हे."

"नाही वो बाई."

"नाही कशी? चार वर्सांमांगं अशीच सुरुवात झाल्ती. आठ दिवसात तांड्यात आरवाले कोंबडं राह्यलं नव्हतं. माह्या कोंबड्यायनं कोनाचं काय खाल्लं?" एवढं बोलून लिलाबाई डोक्यावर पोतं घेऊन तडक नाईकाच्या घराकडे गेली.

तांड्याचा नाईक मदनसिंग छत्री घेऊन आला. त्याच्यामागं पाच-सहा माणसं. नाईक वाईट माणूस नव्हता, पण चार वर्षांपूर्वी त्याच्या स्वतःच्या घरची तीस कोंबडी मानमोडीत गेली होती. तो लांबूनच, खुराड्यापासून दहा पावलांवर थांबला. पिल्लं ओळीनं कुडाला टेकून चोची उघडत होती.

"हेमसिंग, उद्या सांजेपर्यंत खड्डा कर," नाईक म्हणाला. "लहान-मोठं सगळं पुरून टाक. एका घरापायी तांडा नाही बुडवता येत."

हेमसिंग मान खाली घालून वाकड्या पायाच्या अंगठ्यानं चिखल उकरत राहिला. भुरीबाईनं त्याच्याकडे पाहिलं. मग तीच पुढं झाली.

"मानमोडी नाही हे, नाईक. मानमोडीत मान वाकडी होते, हिरवं हगते, दाना सोडते. याह्यची मान सरळ हाये. मरेस्तोवर दाना खाते. पोट चाचपून पाहा, भरेल हाये. हे फकत हवा मांगून राह्यले."

"हवा?" कोणीतरी हसलं. "आभाळभर हवा हाये व माय!"

"उद्या सांजेपर्यंत," नाईक पुन्हा म्हणाला आणि वळला.

माणसं गेल्यावर भुरीबाईनं पाटीतलं एक मेलेलं पिल्लू उचललं. ओसरीवर घमेलं पालथं घातलं, त्यावर पिल्लू ठेवलं आणि हेमसिंगच्या दाढीचं नवं पातं आणलं. कोंबडी साफ करण्यात तिचा जन्म गेला होता. काळीज कुठं, पित्त कुठं, सगळं तिला डोळे मिटून ठाऊक. पण नरडं ती नेहमी मुंडीबरोबर फेकून द्यायची. ते आतून कसं असतं हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. आज तिनं कातडी बाजूला केली, गव्हाच्या काडीएवढी ती पांढरी नळी मोकळी केली आणि पात्याच्या टोकानं वरून खाली उभी चिरली.

आत लाल होतं. तिला वाटलं, रक्त गोठलं असेल. तिनं पात्यानं जरासं लोटलं. तर ते हललं.

"अंजू! इकडे ये."

अंजू नाकाला ओढणी लावून आली. भुरीबाईनं बाटलीच्या झाकणात पाणी घेतलं, त्यातला एक लाल धागा पात्यावर उचलून त्यात सोडला. धागा पाण्यात सुटा झाला आणि त्याला फाटा फुटला. एक अंग लांब, बोटाच्या पेराएवढं. दुसरं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचं, वरच्या टोकाजवळून निघालेलं. जशी बोरीची दुबेळकी, दोन फाट्यांची काडी असावी तशी. आणि ती दुबेळकी पाण्यात हळूहळू आळोखेपिळोखे देत होती. पिल्लू मरून चार तास झाले होते.

"याडी, दोन तोंडं हायेत याले," अंजू आईला म्हणाली. तिची ओढणी नाकावरून कधी खाली आली ते तिला कळलं नाही.

त्या एवढ्याशा नळीत तसे बारा निघाले. सगळे दुबेळके, सगळे लालभडक. भुरीबाई उकिडवी बसून राहिली. तिला किळस यायला हवी होती. तिची अकरा पिल्लं यांनी गळा दाबून मारली होती. पण तिच्या हातापायांना मुंग्या आल्या त्या किळसेच्या नव्हत्या. लहानपणी आईनं पहिल्यांदा विहिरीत वाकून बघायला लावलं होतं, तेव्हा अशाच आल्या होत्या.

हेमसिंग मागं येऊन उभा राहिला होता. "काय हाये ते?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "पण मानमोडी नाही. सकाळी घेऊन जातो मी डाक्टरकडे."

सकाळच्या एसटीत कंडक्टरनं पिशवीतून वास येतो म्हणून तिला मागच्या सीटवर बसवलं. शेजारच्या बाईनं पदर तोंडाला लावून जागा बदलली. भुरीबाई मांडीवर पिशवी घट्ट धरून बसली. त्यात एक मेलेलं पिल्लू होतं, एक जांभया देणारं जिवंत, आणि औषधाच्या छोट्या बाटलीत पाण्यात ते लाल धागे.

जनावरांच्या दवाखान्यात बैलांची, म्हशींची रांग होती. दारातला माणूस म्हणाला, "बाई, लोकं बैलं घेऊन आले अन् तुमी पिलू घेऊन आल्या?" आसपासची माणसं हसली. ती दोन तास भिंतीला टेकून उभी राहिली. नंबर लागला तेव्हा तिनं बाटली टेबलावर ठेवली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. वैजयंती मॅडम म्हणत त्यांना. त्यांनी बाटली उजेडात धरली आणि उठून उभ्याच राहिल्या.

"हे तुम्ही काढलं? नळी उघडून?"

"व्हय."

"मावशी, मी हे पुस्तकात वाचलंय. मेलेला, कॉलेजात बाटलीत ठेवलेला पाहिलाय. जिवंत पहिल्यांदा पाहतेय." मग त्यांनी एक धागा काचेवर घेतला, आतल्या खोलीतल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि भुरीबाईला स्टुलावर बसवलं. "एक डोळा मिटा."

आधी तिला स्वतःच्या पापण्यांचे केसच दिसले. मग मॅडमनी चाक फिरवलं आणि एकदम सगळा लाल उजेड झाला. धागा आता मनगटाएवढा जाड दिसत होता, काचेसारखा पारदर्शक. त्याच्या आत ढीगभर अंडी होती. गहू भरलेल्या पोत्यासारखी गच्च, एकेक दाणा वेगळा दिसेल अशी. वर वाटीसारखं तोंड होतं. आणि बाजूला तो दुसरा, लहान, कुशीला चिकटलेला.

"दोन तोंडं नाहीत ती," मॅडम मागून म्हणाल्या. "दोन किडे आहेत. मोठी ती मादी, छोटा तो नर. एकदा जुळले की मरेपर्यंत सुटत नाहीत."

"कधीच?"

"कधीच. ती रक्त पिते, तोही पितो. पिल्लू खोकलतं, अंडी घशात येतात, पिल्लू ती गिळतं, विष्ठेतून मातीत जातात. तिथं गांडूळ माती खातं, त्याच्या अंगात ती अळी झोपून राहते. तीन-तीन वर्षं. मग कोंबडीनं गांडूळ खाल्लं की जागी होते. आतड्यातून रक्तात, रक्तातून फुप्फुसात, फुप्फुसातून वर चढत नरड्यात. दोन आठवडे लागतात."

भुरीबाईनं डोळा काढला नव्हता. तसंच बघत ती म्हणाली, "एवढ्या अंधारात त्याले रस्ता कोन दाखवते?"

मॅडमनी औषधाचं कपाट उघडलं. "ते मला नाही सांगता येणार, मावशी."

त्यांनी पुडीतलं औषध दिलं, पाच दिवस दाण्यातून द्यायचं. खुराडं त्या ओल्या जागेवरून हलवायचं, पिल्लांना गांडुळं उकरू द्यायची नाहीत. मानमोडी नाही, कोंबड्या पुरू नयेत, अशी चिठ्ठीही लिहून दिली.

"पन औषधाले दोन दिवस लागतीन," भुरीबाई म्हणाली. "काही तर सांजेलेच मरतीन."

मॅडमनी दाराकडे पाहिलं, रांग वाढली होती. मग त्या हळू आवाजात बोलल्या. "जुनी माणसं पिसानं काढायची. पीस सोलून टोकाला झुबका ठेवायचा, तेलाचं बोट लावायचं, पिल्लानं श्वास आत घेतला की नळीत घालायचं, फिरवायचं, काढायचं. मी स्वतः कधी केलं नाही. हात चुकला तर पिल्लू तिथंच जाईल."

भुरीबाई तांड्यावर पोचली तेव्हा तिसरा प्रहर झाला होता. परसात माणसं जमली होती, आणि त्यांच्या मधोमध, कमरेइतक्या खड्ड्यात फावडं घेऊन हेमसिंग उभा होता.

ती खड्ड्याच्या काठाशी आली. त्यानं फावडं खाली ठेवलं. खड्ड्याच्या कापलेल्या भिंतीतून गांडुळं लोंबत होती. गुलाबी, जाड, एका वितीच्या जागेत सात-आठ. खालच्या पाण्यात पडून वळवळत होती. भुरीबाई ती पाहत राहिली. जी मऊ माती बघून त्यांनी खुराडं बांधलं, ती माती अशी जिवंत होती.

नाईकानं चिठ्ठी वाचली, घडी घातली. "चिठ्ठीनं रोग जाते का? आमाले डोळ्यानं दिसलं पायजे."

"दाखवतो," भुरीबाई म्हणाली.

तिनं कोंबडीच्या पंखातलं बारकं पीस उपटलं, दोन्ही बाजू सोलून टोकाला नखाएवढा झुबका ठेवला, तेलात बुडवून निपटलं. सगळ्यात बेजार पिल्लू अंजूनं आणून दिलं. अंजूनं त्याची मान ताठ धरली. जिभेच्या मुळाशी एक बारीक फट उघडत होती, मिटत होती. भुरीबाईनं पीस घातलं. पिल्लानं एकदा पाय झाडले आणि ते तिच्या हातात ढिलं पडलं.

माणसं पुढं सरकली. मग लिलाबाई म्हणाली, "पाह्यलं? उगा हाल करते जिवाचे."

भुरीबाईनं आपल्या बोटांकडे पाहिलं. लहानपणी आईकडून घागऱ्यावर आरसे टाकायला शिकलेली ही बोटं, यांची कधी सुई चुकली नव्हती. तिनं ते मेलेलं पिल्लू बाजूला ठेवलं. "दुसरं दे."

अंजू हलली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

खड्ड्यातून हेमसिंग वर आला. मातीनं भरलेले हात त्यानं धोतराला पुसले, एक तांबडं पिल्लू उचललं आणि बायकोसमोर मांडी घालून बसला. वाकडा पाय त्याला नीट मोडता येईना, तो त्यानं बाजूला लांब सोडला. ऊस तोडून तोडून घट्टे पडलेल्या त्या पंजात पिल्लू पार बुडून गेलं. दोन बोटांनी त्यानं चोच उघडली.

"घाईनं घातलं तू," तो म्हणाला. "त्यानं हवा ओढू दे. मी सांगतो."

पिल्लाची छाती त्याच्या तळहातावर होती. त्याला तिथं कळत होतं. त्यानं वाट पाहिली.

"आता."

पीस गेलं. तिनं दोनदा फिरवलं, काढलं. झुबक्याला तीन दुबेळक्या लागल्या होत्या. तिनं त्या ताटलीतल्या पाण्यात झटकल्या. पुन्हा. "आता." आणखी दोन. पिल्लू निपचित पडलं. हेमसिंगनं त्याला जमिनीवर ठेवलं. ते आडवं पडून राहिलं. मग शिंकल्यासारखं केलं, उठलं, पडलं, उठलं. चोच मिटली. सगळे वाट पाहत होते, पण चोच पुन्हा उघडली नाही. बंद चोचीनं, नाकानं, ते श्वास घेत उभं राहिलं आणि मग काही झालंच नाही अशा थाटात हेमसिंगच्या पायाला लागलेली माती टोचू लागलं.

नाईक पुढं आला. त्यानं खिशातून चष्मा काढून लावला आणि ताटलीवर वाकला. लाल जोड्या पाण्यात पिळे देत होत्या. एकामागून एक माणसं वाकली. कोणी हसलं नाही.

"हे याच्या नरड्यात होतं?" नाईक म्हणाला.

"व्हय."

"एवढ्याशा नळीत." त्यानं चष्मा काढला. "मंग ते जगूनच कसं राह्यलं बाप्पा इतके दिवस?"

भुरीबाईला हे सुचलंच नव्हतं. ती इतका वेळ किड्यांचंच नवल करत होती. तिनं त्या तांबड्या पिल्लाकडे पाहिलं. पाच जोड्या गळ्यात घेऊन ते रोज खुराड्याबाहेर पडत होतं, दाणे टिपत होतं, आईमागं धावत होतं. एका केसाएवढ्या फटीतून हवा ओढत होतं.

"हेमसिंग," नाईक जाता जाता म्हणाला, "बुजवून टाक तो खड्डा. कोनी पडन त्याच्यात."

उजेड होता तोवर दोघं बसून होती. तो "आता" म्हणायचा, ती पीस घालायची. सतरा पिल्लांवर हात चालवला, त्यात आणखी चार गेली. दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस औषध. झड उघडली तशी दोघांनी वरच्या मुरमाड टेकाडावर नवी जागा केली. हेमसिंगनं कपाशीच्या पराट्या रोवून कुड केला, भुरीबाईनं डोक्यावरून चुना आणि कोरडा मुरूम वाहून जमीन घातली. वाकड्या पायानं चढण चढताना हेमसिंग दोनदा घसरला, दुसऱ्यांदा पडला तेव्हा बसल्या जागी हसायला लागला. तिलाही हसू आलं. बऱ्याच दिवसांत दोघं एकदम हसली नव्हती. मध्यंतरी आणखी पाच पिल्लं गेली. चाळीस उरली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी लिलाबाई पदरात काहीतरी झाकून आली. दारात उभी राहिली, आत येईना.

"भुरे," ती म्हणाली. "माहीबी जांभया देऊन राह्यली."

भुरीबाईनं तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग चटई टाकली. "बस. छातीवर हात ठेव. हवा ओढली की सांग मले."

दसऱ्यानंतर ट्रक आले आणि तांडा अर्धा रिकामा झाला. त्यांचं नाव घ्यायला आलेल्या मुकादमाला हेमसिंगनं चहा पाजला आणि रिकाम्या हातानं परत पाठवला. अठरा वर्षांत पहिल्यांदा भुरीबाईनं आपल्याच गावचा हिवाळा पाहिला. तूर फुलांनी पिवळी होते, मग शेंगांनी वाकते, हे तिनं लग्नाआधी माहेरीच काय ते पाहिलेलं. सकाळी ती वावराच्या बांधावर नुसतीच उभी राहायची.

मार्गशीर्षात एका सकाळी ती टेकाडावर दाणे टाकत होती. पिल्लांना आता पिल्लं म्हणवत नव्हतं. तांबडा कोंबडा कुडाच्या खुंटीवर चढून बसला होता. त्यानं एकदम मान लांब केली आणि चोच उघडली.

भुरीबाईला ती जांभईच वाटली. हातातलं सूप तसंच ठेवून ती धावली आणि तिनं त्याला दोन्ही हातांनी धरलं.

आणि तो आरवला. फाटका, मध्येच तुटणारा, शेवट नसलेला आवाज. तिच्या बोटांखाली ती नळी थरथरली. कड्यांनी बनलेली, मोकळी, गरम. हवा आत गेली आणि आवाज होऊन बाहेर आली. खालून हेमसिंग ओरडला, "काय झालं व त्याले?"

कोंबड्यानं पुन्हा छाती भरून घेतली. तिनं बोटं काढली नाहीत.